पाती थांबेपर्यंत

वरची वाडी, ता. चंदगड
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

चि. मनाली हिला तिच्या आज्जीचा, शेवंताबाईचा, सप्रेम जयभीम. हे अक्षर माझं सोताचं हाय, कुणाकडनं लिवून घेतलेलं न्हाय. पयलं ते सांगते. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, आज्जी, जोडाक्षर आलं की भ्यायचं न्हाय, सरळ अंगावर जायचं. तशी चाललेय.

तू पाठवलेलं कटर आलं गं! दिवाळीच्या बोनसात पोरी साड्या घेत्यात, माझ्या नातीनं कटर घेतलं. टेंपोवाला म्हणाला, "मावशी, नारळ फोडा की, नवं यंत्र हाय." मी म्हटलं, आमच्यात यंत्राची पूजा न्हाय, पण तुझ्याकडं नारळ असला तर दे, चटणीला हुईल. त्यानं काय दिला न्हाय.

दिसायला कसं हाय सांगू? लोखंडाची भली मोठी परात पालथी घातल्यागत. वाकून बघिटलं तर पोटात दोन जाड पाती, माझ्या हाताएवढी लांब. वर एक डबडं, त्यात तेल घालायचं. आपल्या बारक्या ट्रॅक्टरच्या बुडातनं एक दांडा येतो आणि त्या डबड्याला जोडतो, त्याला शाफ्ट म्हणायचं. तो गरागरा फिरला की खालची पाती फिरायची. मग रानमोडी म्हणू नको, घाणेरी म्हणू नको, करवंदीची जाळी म्हणू नको, सगळ्याचा भुगा.

काजूच्या बुडातलं रान काढायला आम्ही सासू-सुना दीड-दीड महिना कोयतं घेऊन वाकत हुतो. तुझा बाप गोव्यात डंपरवर, तो कवा यायचा? आता तुझी आई ट्रॅक्टरवर बसून चार दिसांत करंल. शेजारची चिमणाबाई म्हणाली, "शेवंते, आता तुझी सून काय बसून खाणार व्हय?" मी म्हटलं, बसूनच काम करणार हाय, तुझ्या सुनंला जमतंय का बघ. तोंड एवढंसं झालं.

उद्या गुंडू फिटर जोडायला येतोय. तू फोन करू नको. टेकावर चढल्याबिगर रेंज न्हाय आणि माझं गुडघं चढू देत न्हाईत. शिवाय फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातंय, पत्र उशाला ठेवता येतंय. विजयसिंह ड्रायव्हर कोल्हापूर गाडीवर हाय, कागलच्या स्टँडवर तुला देईल. तूबी त्याच्याकडंच दे, तो फाट्यावरच्या दुकानात ठेवतो.

तुझी आज्जी
शेवंताबाई (सही बघ, गाठ न मारता केलीय)


कागल
गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज्जी, जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर खूपच सुधारलंय तुझं.

कटरबरोबर चित्रांचं एक पुस्तक आहे, ते आईला आधी बघायला सांग. शाफ्टवर काळं प्लास्टिकचं आवरण आहे आणि मागच्या बाजूला साखळ्यांची झालर आहे. दोन्ही काढायचं नाही, गुंडूदादा काही म्हणाला तरी. चालू असताना जवळ कुणी थांबायचं नाही. एवढं ऐक.

मी बरी आहे. जेवण फारसं जात नाही आणि झोप लागत नाही, पण विशेष काही नाही. अक्षर वाकडं आलंय, हात थोडा थरथरतोय. इकडं थंडी पडलीय.

तुझी मनाली


वरची वाडी
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. मनाली, आज्जीचा जयभीम आणि एक प्रश्न. कोण हाय तो?

जेवण जात न्हाय, झोप लागत न्हाय, हात थरथरतोय. मी काय काल जन्माला आले व्हय? कागलात थंडी म्हणं! हितं डोंगरात मी अजून गोधडी काढली न्हाय. नाव लिव, गाव लिव, कुठल्या कंपनीत हाय ते लिव. तुझ्या आईला सांगत न्हाय. बरं, सांगितलं, पण तिनं ऐकल्यागत केलं न्हाय.

आता कटरचं ऐक. तुझं पत्र शुक्रवारी आलं आणि गुंडू बुधवारीच येऊन गेलता. त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला, खालचे दोन हात कटरला अडकवले, वरचा दांडा बसवला, पिना मारल्या. मग वाकून एक डोळा झाकून बघिटलं, पुढची बाजू मागच्यापेक्षा दोन बोटं खाली पायजे म्हणं, मग कापणी सपाट येते. मला ते पटलं, इळ्याचंबी तसंच असतंय. पण शाफ्ट लांब पडला, आपला ट्रॅक्टर बारका ना! म्हणून गुंडूनं तो करवतीनं कापला. कापताना ते काळं प्लास्टिक आडवं यायला लागलं. गुंडू म्हणाला, "काकू, हे फकस्त धूळ बसू नये म्हणून असतंय." काढून टाकलं. चांगली भक्कम नळी हाय गं! मी ती न्हाणीला लावली. आंघोळीचं पाणी आता सरळ केळीच्या बुडात जातंय. चिमणाबाई बघून गेली, तिलाबी पायजे.

साखळ्यांत गवत गुतायला लागलं, म्हणून त्याबी सोडवल्या. म्हशीचं दावं तुटलंतं, दोन साखळ्या जोडून तिला बांधली. कंपनीची साखळी, कशी तुटंल? तू पाठवलेल्या एका यंत्रात आमची तीन कामं झाली बघ.

दोन दिसांत खालची पट्टी साफ केली. तुझी आई काय ऐटीत बसती! मी मागनं चालते. पाटी घेते, कापलेलं हिरवं म्हशीला गोळा करते. बैलाच्या औतामागं माझा जन्म गेला. औत मोकळं सोडायचं न्हाय, मागं माणूस पायजेच, असं माझी सासू सांगायची. ती गेली, बैल गेलं, पण रीत हाय न्हवं? आणि तुझ्या आईला मागचं दिसत न्हाय. मान वळवाय गेली की ट्रॅक्टर काजूवर जातो. म्हणून शाफ्टात वेल गुतली की मीच काठीनं काढते. बंद कराय लावत न्हाय, डिझेल कशाला घालवा?

काल एक जांभ्याचा खडा सणसणत आला आणि नडगीवर बसला. हळद-चुना लावला. औतामागं ढेकळं काय कमी खाल्ली? उद्यापासनं वरची पट्टी. तिथं खडं जास्त हाईत, पण रान लय माजलंय, मजा यील.

तुझी आज्जी
शेवंताबाई

ता. क. त्याला भाकरी थापता येती का इचार. आजकाल इचारावं.


कागल स्टँड
मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी पावणेसात

आज्जी,

मशीन बंद करायला सांग. आत्ता. बाकीचं नंतर वाच, आधी मशीन बंद.

पण चालू मशीनजवळ जाऊ नकोस. मागून तर अजिबात नाही. लांब, समोर, आईला दिसशील अशी उभी राहा आणि हात कर. ती बंद करेल, तरी पाती लगेच थांबत नाहीत, मिनिटभर फिरत राहतात. पूर्ण थांबेपर्यंत तिनं खाली उतरायचं नाही.

काल संध्याकाळी तुझं पत्र मिळालं. तेव्हापासून आईचा फोन सतरा वेळा लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. विजयसिंहकाकांना तोंडीही सांगतेय, पण ते वाडीपर्यंत येत नाहीत.

आज्जी, ते प्लास्टिक धुळीसाठी नसतं. उघडा शाफ्ट एका मिनिटात पाचशेचाळीस वेळा फिरतो. पदराचं टोक लागलं तर पदर सोडवायला वेळ नसतो. साखळ्या दगड अडवायला असतात. तुझ्या नडगीवर बसला तो खडा दोन हात वर आला असता तर? मी काल रात्रभर तेवढंच बघत होते.

तो कुणी नाही गं. कुणीच नाही. मी तुला सांगितलं नाही, कारण लिहायला बसले की हात थांबतो. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी आमच्या कारखान्यात सोनमची ओढणी मशीनमध्ये गेली. माझ्या शेजारची सोनम, जयसिंगपूरची, मी फोटो दाखवला होता तुला. तिथलं जाळीचं झाकण कुणीतरी काढून ठेवलं होतं, काम लवकर होतं म्हणून. ओढणी सोडवायला तिनं हात घातला. बंद करायचं लाल बटण माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं, आज्जी. मी बघत राहिले. हात उचललाच नाही. मागून फोरमन ओरडले तेव्हा दाबलं. सोनमची उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मी अजून तिला भेटायला गेले नाही. काय तोंड घेऊन जाऊ? आणि आता तुमच्या दारात ते मशीन मीच पाठवलंय.

शनिवारपर्यंत चौकशी आहे, मला साक्ष द्यायची आहे, सुट्टी मिळत नाही. रविवारी पहिल्या गाडीनं येते. तोवर हात लावू नका. गाडी सुटतेय.

मनाली


वरची वाडी
गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. मनाली, जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. मशीन बंद केलं.

आम्ही दोघी बऱ्या हाओत. म्हैस बरी हाय. रविवारी येऊ नको, तू तुझ्या चौकशीकडं बघ. सोनमचं वाचून वाईट वाटलं. त्यावर नंतर लिवते.

अक्षराकडं बघू नको. हितंबी थंडी पडलीय.

आज्जी


वरची वाडी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मनाली,

मी तुझी आई लिहिते. आत्तींनी तुला काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही. एरवी लिहिलेलं चारदा वाचून दाखवतात. म्हणजे खोटं लिहिलंय.

बुधवारी दुपारी मी वरच्या पट्टीत कटर चालवत होते. फाट्यावरच्या दुकानातल्या माणसानं तुझं पत्र आणून दिलं. आत्ती पाटी ठेवून बांधावर बसल्या वाचायला. तुला माहीत आहे, एकेक अक्षर बोटानं धरून वाचतात. मला बरं वाटलं, जरा बसल्या म्हणून.

तू पहिलंच लिहिलं होतंस, मशीन बंद करायला सांग. त्यांनी तेवढंच वाचलं. पुढचं वाचायला थांबल्याच नाहीत. उठल्या आणि पळत आल्या, मागून. मला आवाजात काही ऐकू आलं नाही. एकदम माझा दंड कुणीतरी ओढला. वळून बघते तर आत्ती, ट्रॅक्टर आणि कटरच्या मधे उभ्या, तोंड हलतंय, आणि पदर खाली शाफ्टकडं चाललाय.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. पदर गुंडाळला गेला आणि त्या खाली ओढल्या गेल्या. मडगार्डला दोन्ही हातांनी धरलं म्हणून पूर्ण गेल्या नाहीत. मी लगेच बंद केलं. लुगडं जुनं, विरलेलं, खांद्यापासून फाटलं. त्या बसत्या झाल्या तिथून त्यांचा पाय आणि कटर यात वीतभर जागा, आणि आत पाती अजून फिरत होती. मी मोजत होते का काय मला कळत नाही. किती वेळ फिरत होती.

दवाखान्यात नेऊन आणलं. हाड मोडलेलं नाही. मानेला दोरखंडानं आवळल्यासारखा वळ आहे, खांदा काळानिळा पडलाय. दोन दिवस गप्प आहेत. चिमणाबाई काहीतरी टोमणा मारून गेली, त्यालाही उत्तर दिलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

ये रविवारी. येताना त्या शाफ्टचं नवीन आवरण मिळतं का बघ. नाही मिळालं तर मी ते मशीन दरीत ढकलणार आहे, तुला वाईट वाटलं तरी चालेल.

तुझी आई
वर्षाराणी


वरची वाडी
बुधवार, १९ नोव्हेंबर

चि. मनाली हिला आज्जीचा जयभीम. खांदा बरा हाय. आज सकाळी चिमणाबाईला सव्याज उत्तर दिलं, तेव्हा तुझी आई हसली. म्हणजे मी बरी झाले असं तिनं धरलं.

रविवारी तू येऊन काय काय केलंस ते मी वाडीतल्या प्रत्येकाला सांगितलंय. पोरगीनं आधी नवं आवरण घातलं, शाफ्टात एक नरम बोल्ट घातला, झटका बसला तर तोच तुटावा म्हणून. कटरला परत लावायला म्हशीची साखळी सोडली, तर म्हैस सुटली, आणि तिला धरायला तिघी पळालो. मग आमच्याकडनं वरच्या पट्टीतलं खडं येचून घेतलंस. खुंट दिसला की काठीला फडकं बांधून रोवलंस. शेवटी फक्कीनं ती पांढरी रेघ मारलीस आणि मला म्हणालीस, "आज्जी, कटर चालू असताना ह्याच्या पुढं यायचं न्हाय." मला! माझ्या रानात! मी गप ऐकलं. तुझी आई बघतच ऱ्हायली.

पण एक मी बघिटलं, ते कुणाला सांगितलं न्हाय. आईनं ट्रॅक्टर चालू केला आणि तू गोठ्यामागं गेलीस. तिथं भिताडाला धरून तू उलटी केलीस. मग तोंड धुवून आलीस आणि म्हणालीस, सगळं बरोबर चाललंय.

पोरी, माझंबी तसंच हाय. मी भ्याले न्हाय असं सगळ्यांना सांगते. पण कटर चालू झालं की मी पदर कमरेला दोनदा खोचते. मानेचा वळ आपोआप दुखाय लागतोय. रातीला कुस बदलली आणि पदर अंगाखाली अडकला तरी मी वरडून उठते. आमच्यात भ्यालं तर बोलायची रीत न्हाय. सासू म्हणायची, भ्यालेली बाय आणि भ्यालेला बैल, दोन्ही कामाचं न्हाईत. म्हणून मी गप ऱ्हायले. तूबी गप ऱ्हायलीस. दोघी थंडी थंडी म्हणत बसलो.

आता तुला एक सांगते, त्यासाठी तर हे पत्र.

तुझ्या आईनं तुला लिवलं म्हणं, मी लगीच बंद केलं. खोटं हाय ते. तिनं बंद केलं न्हाय. ती बंद करायच्या दांड्यावर हात ठेवून माझ्याकडं बघत बसली, तोंड उघडं टाकून. मी तिच्या मांडीपासनं हातभर अंतरावर वरडत हुते, "वर्षे, बंद कर! वर्षे!" तिला ऐकू येत हुतं, डोळ्यांत दिसत हुतं मला. पण हात उठंना तिचा. लुगडं टराकलं आणि मी सुटले, तवा कुठं तिचा हात हालला. रातीला माझ्या पायाशी बसून रडली. म्हणाली, "आत्ती, माझा हातच उठंना हो." मी म्हटलं, अगं सत्तावीस वर्षं माझं बोलणं खाल्लंस, मला मारायचंच असतं तर भाकरीत काय घातलं असतंस, ट्रॅक्टरपर्यंत कशाला थांबली असतीस? मग दोघी रडलो.

मला तिचा राग आला न्हाय. एक कणभर न्हाय. मी त्या शाफ्टाशी हुते, मला कळत हुतं की तिला जमंना झालंय. मनाली, हात कुणाचाच उठत न्हाय गं. ज्याचा आपल्यावर जीव असतो त्याचा तर न्हाईच उठत. म्हणून तर आवरणं घालत्यात, जाळ्या लावत्यात. माणसाचा हात उठंल ह्या भरवशावर यंत्र चालवायचं नसतं. हे गुंडूला कळलं न्हाय, मला कळलं न्हाय, तुझ्या कारखान्यात जाळी काढणाऱ्याला कळलं न्हाय. तू एकटी कशाला त्याचं वझं घेऊन फिरतीस?

तेव्हा येत्या रविवारी हिकडं येऊ नको. जयसिंगपूरला जा, सोनमकडं. काय बोलायचं सुचलं न्हाय तर बोलू नको. बसून ये. तिनं शिव्या दिल्या तर ऐकून घे, चहा दिला तर पी. तिला काय वाटतंय ते तिला इचार, तुझं तू ठरवू नको. मी शाफ्टाशी हुते म्हणून सांगते, तिच्या मनात काय असंल ते बाहेर उभं ऱ्हाणाऱ्याला कळत न्हाय. जाताना काजू ने. गेल्या सालचं हाईत, पण बरं हाईत. विजयसिंहकडं पिशवी देते.

तुझी आई आत्ता वरच्या पट्टीत कटर चालवतीय. मी दारात बसून लिवतेय. हितनं नुसता आवाज येतोय. दिसत न्हाय ते बरं, असं आधी वाटलं. पण न दिसणं जास्त वाईट हाय. एकेक ओळ लिवते आणि कान तिकडं लावते. खुंटाला लागलं की आवाज जाड हुतोय, की माझा हात थांबतोय. मग परत बारीक

आवाज बंद झाला.

थांब गं. बघून येते.

आले. अक्षर कसंबी यील आता, समजून घे. पळाले न्हाय, पळू दिलं न्हाय सोताला. रेघेपर्यंत गेले आणि रेघेवर उभी ऱ्हायले. गवतात दडलेला एक खुंट आपल्याकडनं ऱ्हायलाता, त्याला पातं लागलं आणि तू घातलेला तो नरम बोल्ट तुटला. तू म्हणालीस तसंच, बोल्ट तुटला म्हणून बाकी काय तुटलं न्हाय. तुझी आई शाफ्ट बंद करून सीटवर बसलीती, हात मांडीवर, मोठ्यानं आकडं म्हणत. खाली पाती सू सू करत फिरतच हुती.

मी लांबनं वरडले, "किती झालं गं?"

"चाळीस! अजून फिरतंय!"

मग मीबी म्हणाय लागले. ती तिथनं, मी हितनं. एक्केचाळीस, बेचाळीस. साठाच्या पुढं कुठंतरी पाती गप झाली. तरी आम्ही थांबलो न्हाय. ऐंशीला ती म्हणाली, "आत्ती, उतरू का आता?"

मी म्हटलं, अजून जरा बस.

तुझी आज्जी
शेवंताबाई